कृपया ढकलू नये

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी घसरगाडी आहे, आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही. गोष्ट सांगायची मला सवय नाही. जन्मभर मी फक्त ढकलून घेतलं आहे. तेव्हा कुठे अडखळले, कुठे पाल्हाळ लागला, तर सांभाळून घ्या.

घसरगाडी म्हटल्यावर बर्फावरून पोरांना नेणारी, घंटा लावलेली गाडी तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल. ती मी नव्हे. रग्बीच्या खेळात दोन्हीकडचे आठ-आठ जण खाली वाकतात, एकमेकांच्या जर्सी मुठीत धरून घट्ट बांधून घेतात, आणि समोरच्यांच्या खांद्याला खांदा भिडवून त्यांना मागे रेटतात. त्याला स्क्रम म्हणतात. त्याच्या सरावाला समोर रोज आठ माणसं कुठून आणणार? म्हणून माझ्यासारखी वस्तू करतात. पुढे खांदे टेकवायला जाड गाद्या, मागे वजनासाठी कुणीतरी उभं राहायला एक फळी, आणि खाली घसरायला दोन लोखंडी पट्ट्या. मुली वाकतात, भिडतात आणि मला चिखलातून रेटत नेतात. एवढंच माझं काम. मला ते फार आवडायचं.

माझा जन्म अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या हार्लन फोर्ड गावच्या विद्यापीठात, शेती-अवजारांच्या वर्कशॉपमध्ये झाला. आर्डिथ कोनिग तेव्हा तिथे शिकत होती. मोडीत निघालेल्या पेरणीयंत्राचा सांगाडा तिने कापला, वाकवला, वेल्डिंग करून पुन्हा जोडला. कुस्तीच्या हॉलमधून फेकून दिलेल्या चटया कापून माझ्या गाद्यांत भरल्या. आजूबाजूच्या मुलांना त्याची मोठी गंमत वाटत होती.

"काय गं आर्डिथ, नांगर करतेस की पलंग?" एकाने विचारलं.

"जवळ ये, सांगते," तोंडावरचा मुखवटा वर न करता ती म्हणाली. "तुला आडवं करायचं काहीतरी करतेय."

तो जवळ आला नाही.

हा खटाटोप तिला करावा लागला, कारण त्याआधी ती खेळ विभागाच्या ऑफिसात जाऊन आली होती. तिथल्या माणसाने खुर्चीतून न उठता तिला सांगितलं होतं, "मुलींचा रग्बी? आमच्याकडे नाही. फारच हौस असेल तर क्लब काढा."

आमच्या विद्यापीठात खेळाची दोन घरं आहेत. एक मोठं घर, खेळ विभागाचं. तिथे फुटबॉलवाले राहतात, बास्केटबॉलवाले राहतात. त्यांना शिष्यवृत्ती, त्यांना बस, त्यांना डॉक्टर. त्यांचे बूटसुद्धा दुसरं कुणीतरी धुतं. दुसरं घर क्लबांचं. ते घर कसलं, अंगणच. ज्याला जो खेळ खेळायचा असेल त्याने माणसं जमवावीत आणि आपलं आपण बघावं. अंगणात राहायला आमची हरकत नव्हती. आर्डिथने क्लब काढला.

आम्हाला विद्यापीठाच्या गोठ्यामागचं मैदान मिळालं. मैदान म्हणजे गाईंच्या पायांनी खड्डे पडलेलं गवत. मुलींनी ते खड्डे बुजवले, गवत कापलं, चुन्याने रेषा ओढल्या. त्या गोठ्यात ग्लॅडिस नावाची एक गाय होती. ती फाटकात बसली की चार माणसांनी ढकलूनही उठत नसे. पहिल्याच सरावाला मी तशीच चिखलात रुतून बसले, आणि तेव्हापासून माझंही नाव ग्लॅडिस पडलं. मला राग आला नाही. तेव्हा मला राग येत नसे.

शिकून झाल्यावर आर्डिथ गावातच राहिली, तिथेच नोकरीला लागली, आणि मुलींची कोच होऊन रोज संध्याकाळी माझ्या फळीवर येऊन उभी राहू लागली. पगार नाही, मानधन नाही. तिचे केस पांढरे झाले तरी ती फळीवरच होती. "वाका!" ती म्हणायची. "बांधा! भिडा!" आणि सोळा पाय जमिनीत रुतायचे, आणि मी हलायची.

किती मुली आल्या! व्हॉलीबॉलमधून उंची कमी म्हणून काढलेली एक. शाळेत कुठल्याच संघात कधी न घेतलेल्या तर कितीतरी. घरून पहिल्यांदाच लांब आलेली, सगळ्यांना घाबरणारी एक मुलगी होती. पहिल्या दिवशी तिने माझ्या गादीला खांदा लावला आणि मी तसूभर सरकले. तेव्हा तिने मागे वळून बघितलं, हे दुसऱ्या कुणी केलं का म्हणून. तो चेहरा मी विसरणार नाही. अंगणातल्या घराचं काम काय असतं, हे मला विचाराल तर मी तो चेहरा सांगेन. ज्यांना कुणी निवडलं नाही त्यांनी तिथे एकमेकींना निवडलं.

आणि मोठं घर? विद्यापीठाचं माहितीपुस्तक निघायचं तेव्हा त्यांना आमची आठवण यायची. 'आमच्याकडे शेकडो विद्यार्थी खेळतात', असं छापायचं असायचं ना! मग फोटोवाला यायचा, मुलींना माझ्यावर ओळीने बसवायचा, हसा म्हणायचा. पण एका मुलीचा खांदा निखळला आणि मैत्रिणी तिला खेळ विभागाच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, तेव्हा दारातूनच उत्तर मिळालं, "हा दवाखाना संघांसाठी आहे." शेवटी गोठ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिचा हात गळ्यात बांधून दिला आणि आपल्या गाडीतून गावातल्या इस्पितळात पोचवलं. ती मुलगी हसत होती, "मला दूध तर काढायला लावणार नाहीत ना?" म्हणत होती. मला हसू आलं नाही. माझ्या मते राग तिथून सुरू झाला.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

फुटबॉलच्या सामन्यांना आमच्या गावात लोटणारी गर्दी विचारू नका. सकाळपासून गाड्या लागतात. त्यांच्या मागे शेगड्या पेटतात आणि मांस भाजण्याचा धूर चढतो. गाड्या लावायला जागा पुरेना, तेव्हा खेळ विभागाचे संचालक वेंडेल स्ट्राउडसाहेब यांची नजर आमच्या मैदानावर गेली. गवत काढायचं आणि डांबर टाकायचं. आर्डिथ त्यांना भेटायला गेली, भांडली. साहेब गोड बोलणारे. ते म्हणाले, "मी स्वतः येऊन तुमचा एक सामना बघतो. खरा संघ दिसला, तर जागेचा पुन्हा विचार करू."

म्हणजे सगळं एका सामन्यावर आलं. जिंकलो तर मैदान राहण्याची आशा होती.

त्या वर्षी कर्णधार होती मार्लिस व्हर्बका. शेतकऱ्याची मुलगी, बोलायला कमी. स्क्रमच्या पहिल्या रांगेत ती मधोमध असायची, आणि तिच्या उजव्या हाताला लुपे ओर्तेगा. लुपेचे आईवडील दोघेही मांसाच्या कारखान्यात कामाला. लुपे अंगाने दणकट आणि तोंडाने त्याहून दणकट. मार्लिसचा उजवा हात कायम लुपेच्या पाठीवरच्या जर्सीत आवळलेला असायचा. गाद्यांवरून मला माणसं कळतात, मित्रांनो. त्या दोघी भिडल्या की मला एकाच माणसाचा धक्का बसल्यासारखं वाटे.

सामन्याच्या दिवशी स्ट्राउडसाहेब दोन पाहुण्यांसह आले. बसायला खुर्च्या होत्या, तरी ते माझ्याजवळ उभे राहिले आणि कॉफीचा कप माझ्या गादीवर ठेवला. एवढ्यात समोरच्या संघाच्या, शेजारच्या कॅन्सस राज्यातून आलेल्या मुली गाडीतून उतरल्या. त्यांची कर्णधार डेनिका धावतच मार्लिसकडे आली.

"आमची मागची गाडी वाटेत बंद पडली गं. चौघीजणी तिच्यात अडकल्यात. पहिल्या रांगेतली आमची मुलगीही त्यातच."

स्क्रमच्या पहिल्या रांगेत शिकलेलीच खेळाडू लागते, नाहीतर मान मोडायची भीती असते. ती नसेल तर सामना होत नाही, आणि ज्यांच्याकडे नाही ते हरले असं धरतात.

"आम्ही सामना सोडला असं पंचांना सांगते," डेनिका म्हणाली. "तुमची काहीच चूक नाही."

लुपेने टाळी वाजवली. "झालं! जिंकलो! कोच, चिलीचं पातेलं गरम करायला ठेवा!"

मार्लिस पाहुण्या मुलींकडे बघत होती. त्या बूट घालायचे की नाही अशा उभ्या होत्या.

"पाच तास गाडी चालवून आल्यात त्या," ती म्हणाली.

"मग? पाच तास चालवत परत जातील. रस्ता तोच आहे."

क्लबांची एक जुनी रीत आहे. पाहुण्यांकडे माणसं कमी पडली तर आपली द्यायची. दिलेल्या खेळाडूने जर्सी उलटी घालायची आणि त्यांच्या बाजूने मनापासून खेळायचं. सामना झाल्यावर यजमानांनी पाहुण्यांना जेवू घालायचं. मोठ्या घरात असली रीत नाही. तिथे हे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

मार्लिसने आर्डिथकडे पाहिलं. आर्डिथ म्हणाली, "कर्णधार तू आहेस." क्लबात असंच असतं. निर्णय मुली घेतात.

"लुपे," मार्लिस म्हणाली, "जर्सी उलटी घाल. बाकावरच्या तिघी तुझ्याबरोबर जातील."

"आज?" लुपेचा आवाज फाटला. "तो माणूस तिकडे कॉफी पीत उभा आहे आणि आज?"

"तो नसता तर दिलं असतं ना आपण? मग तो आहे म्हणून नाही द्यायचं?"

"तिघींना दे. मला कशाला? मी गेले तर आपल्याकडे राहतं काय?"

"पहिली रांग त्यांच्यातल्या कुणाला येत नाही. तुला येते. तुझ्या जागी दुसऱ्या रांगेतली घेते, ती शिकलीय पण कच्ची आहे; कच्ची पाहुण्यांना कशी द्यायची?"

मी आतून ओरडत होते. नको, मार्लिस! एक दिवस तरी नको! पण लोखंडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? लुपेने जर्सी काढली, उलटी केली, पुन्हा घातली. शिवणी बाहेर आल्या. जाताना तिने माझ्या गादीला एक लाथ मारली. साहेबांचा कप हिंदकळला.

सामना झाला. लुपे आणि मार्लिस त्या दिवशी पहिल्यांदा समोरासमोर भिडल्या. मी बाजूला उभी होते, तरी तो धक्का मला जाणवला. अगदी शेवटपर्यंत आम्ही पुढे होतो. आणि मग चेंडू लुपेच्या हातात आला. रेषेपर्यंत मोकळी वाट होती. ती क्षणभरही थांबली नाही. धावली, मागे लटकलेल्या दोघींना तसंच ओढत नेलं, आणि चेंडू रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले. कॅन्ससच्या मुली तिच्या अंगावर पडल्या. आम्ही हरलो होतो.

स्ट्राउडसाहेबांनी कप उचलला. "आर्डिथ, हातात आलेला सामना कुणी असा देऊन टाकतं? आमच्या कर्णधाराने हे केलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवला असता मी त्याला."

"म्हणूनच ती तुमच्याकडे नाही," आर्डिथ म्हणाली.

साहेब हसले. अगदी प्रेमाने हसले. मला त्यांच्या शिव्या चालल्या असत्या, ते हसू चाललं नाही. "या मुलींना खेळायचंय. जिंकायचं नाहीये. छान आहे! पण नुसतं खेळायला काय, कुठलंही गवत चालतं." आणि ते गेले.

मागे मोठ्या पातेल्यात चिली, म्हणजे मांस आणि राजम्याचा तिखट रस्सा, उकळत होती. तिच्याबरोबर खायला दालचिनीचे गोड रोल मांडले होते. पाहुण्या हसत होत्या, जेवत होत्या. मार्लिस आणि लुपे माझ्यामागे उभ्या होत्या.

"तू मला द्यायलाच नको होतंस," लुपे म्हणाली.

"मग धावलीस कशाला? चेंडू सोडायचास हातातून."

"सोडायचा? मी? दिलंस ना मला त्यांना? मग काय अर्धी खेळू?"

"तेच तर."

"काय तेच तर? तेच तर म्हणे! संतीण व्हायचंय का तुला? चर्चमध्ये पुतळा बसवू का तुझा? मैदान गेलं, मार्लिस! आणि ते माझ्या हातून घालवलंस तू. माझ्या हातून!"

मार्लिस तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेली. लुपेने तो झटकला आणि उलट्या जर्सीतच निघून गेली. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

वसंतात रोलर आला. आमच्या रेषा, बुजवलेले खड्डे, कापलेलं गवत, सगळं डांबराखाली गेलं. मी कडेला पडून होते. मला वाटलं, आता भंगारात जाईन. तेवढं झालं असतं तर मी आज इतकी रागावले नसते.

त्यांनी मला धुतलं. घासलं, गंज काढला, विद्यापीठाच्या लाल-पांढऱ्या रंगात रंगवलं. इतक्या वर्षांत खेळ विभागाने माझ्यावर तेलाचा थेंब टाकला नव्हता, आणि आता दोन थर रंग! मग मला फुटबॉल स्टेडियमच्या दर्शनी दालनात, चकचकीत फरशीवर नेऊन ठेवलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'क्लबांचे खेळ: आमच्या अभिमानी परिवाराचा भाग'. भोवती मखमली दोरी. आणि समोर छोटी पाटी, 'कृपया ढकलू नये'.

मला, मित्रांनो! ढकलू नये!

लोक यायचे, माझ्यासमोर फोटो काढायचे. कुणीतरी म्हणायचं, "बघ, किती जपलंय यांनी!" मी उत्तर देऊ शकत नव्हते. गाद्यांतून कुस्तीच्या चटयांचा जुना घाम गेला होता. पट्ट्यांना चिकटलेली माती गेली होती. मी जपली जात होते. आणि मुलींना सराव करायला काही उरलं नव्हतं.

मग एका शनिवारी सकाळी, फुटबॉलच्या सामन्याआधी, दालन गच्च भरलं होतं, तेव्हा आर्डिथ आत आली. तिच्यामागे मुली. पायात बूट, अंगात जर्सी. गर्दीला वाटलं, काहीतरी कार्यक्रम आहे. लोकांनी वाट करून दिली. लुपेने मखमली दोरी उचलून एका सुटाबुटातल्या गृहस्थाच्या हातात दिली. "जरा धरा हं काका."

आर्डिथ माझ्या फळीवर चढली. तिच्या गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला.

"मॅडम, हे काय चाललंय?" सुरक्षारक्षकाने विचारलं.

"सराव," आर्डिथ म्हणाली.

स्ट्राउडसाहेब धावत आले. "आर्डिथ, खाली उतरा. ही विद्यापीठाची वस्तू आहे."

"हिला मी जोडलंय, वेंडेल. भंगारातून. तुमच्या विभागाने हिला कधी एक खिळासुद्धा दिला नाही."

साहेबांनी भोवतालची गर्दी बघितली आणि आवाज खाली आणला. "बरं, न्याल कुठे पण? मैदान आहे कुठे तुमच्याकडे?"

मार्लिस पुढे आली. "गोठ्यावाल्यांनी कुरणाचा एक कोपरा दिलाय. शेण आहे, उतार आहे. पण तुम्हीच म्हणाला होतात ना सर, नुसतं खेळायला कुठलंही गवत चालतं?"

साहेब हसले नाहीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना हसू सापडलं नाही.

"वाका!" आर्डिथ ओरडली.

मुली वाकल्या. पहिल्या रांगेत मधोमध मार्लिस. तिच्या उजव्या हाताची जागा रिकामी होती. लुपे अजून दोरीपाशीच होती. मार्लिसने मान वर केली नाही. नुसता हात पसरून ठेवला.

"हे बघ," लुपे तिच्याकडे येत म्हणाली, "मी अजून चिडलेय हं तुझ्यावर."

"चीड," मार्लिस म्हणाली. "पण वाकून चीड."

लुपे वाकली. मार्लिसची मूठ तिच्या जर्सीत आवळली गेली.

"बांधा! भिडा!"

मित्रांनो, तो धक्का! नव्या रंगाला तडे गेले. मी हलले. फरशीवर माझ्या पट्ट्यांचा असा कर्कश आवाज झाला की लोकांनी कानांवर हात ठेवले. 'कृपया ढकलू नये'ची पाटी माझ्याखाली आडवी झाली. कुणीतरी काचेची दारं उघडून धरली, आणि मी बाहेर आले, उन्हात, डांबरावर. शेगड्यांच्या धुरातून, गाड्यांच्या रांगांमधून मुली मला रेटत होत्या. फुटबॉलची माणसं हातातली भाजलेली कणसं तशीच धरून बघत राहिली, आणि मग त्यांतल्या कुणीतरी ओरडलं, "रेटा, पोरींनो, रेटा!" ते मला आवडलं, हे कबूल करते. पण खाली, डांबराच्या आत, आमचं मैदान होतं. त्याच्यावरून जाताना माझ्या पट्ट्यांतून ठिणग्या उडत होत्या. तो माझा राग होता. डांबर अजून आहे, आणि रागही आहे. दर शनिवारी तिथे गाड्या लागतात.

आता मी कुरणाच्या कोपऱ्यात असते. उतारावरून मला वर रेटताना मुलींचा जीव जातो. रंग निघून चाललाय, गंज परत आलाय, आणि गाद्यांना घामाचा वास यायला लागलाय. त्या फरशीवर दोन लांब ओरखडे राहिलेत म्हणे. कितीही पॉलिश केलं तरी जात नाहीत.

तुमच्याही शाळेत एखादा संघ असेल, ज्याचे फोटो लागतात पण ज्याला मैदान मिळत नाही. त्याच्या खेळाडूंना जपू नका, दोरी बांधून कौतुक करू नका. खाली या, वाका, खांदा लावा. आणि कधी हार्लन फोर्डला आलात, गोठ्यामागे चिखलात रुतलेली एखादी म्हातारी घसरगाडी दिसली, तर पुसू नका मला.

ढकला.